मथुरामावशीनं उघडायला लावलेली कुलपं

मथुरामावशी, परवा तुझ्या पायांवर डोकं ठेवायला वाकले आणि कमरेला काहीतरी खळखळलं. हात लावून पाहिलं तर वॉर्डाच्या किल्ल्यांचा जुडगा! निरोप आला तशी मी टांग्यात बसून निघाले होते, जुडगा काढून ठेवायचं भानच राहिलं नव्हतं. आणि तिकडे वसईला वॉर्डात एक पहिलटकरीण कळा देत होती. माझ्या डोळ्यांतलं पाणीसुद्धा थांबलं. तुझ्या ओटीवर बसलेल्या बायकांना वाटलं असेल, काय ही नर्सबाई, मयताला येते आणि स्वतःची कंबर चाचपते.

त्याचं पुढे काय झालं ते तुला सांगायचं आहे. पण शेवटी सांगेन. तुला मधेच तोंड घालायची सवय होती, आता मात्र ऐकून घ्यावंच लागेल. सात वर्षं आपण एकाच गोष्टीवरून भांडलो. दर खेपेला मी म्हणायचे, मावशी, तुझं चुकतं. दर खेपेला तू तोंडातली मिश्री थुंकून हसायचीस. त्या भांडणाचा निकाल लागायच्या आधी तू चार दिवसांच्या तापात निघून गेलीस, हे काही मला पटलेलं नाही. मला राग आला आहे तुझा.

तुला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते. आमच्या केळीच्या वाडीतून नर्सिंगला गेलेली मी पहिली मुलगी. त्यामुळे डोक्यावरच्या टोपीपेक्षा डोकंच जास्त कडक होतं. सुईण म्हणजे अडाणी आणि घाणेरडी, असं आम्हाला शिकवलं होतं आणि मी ते घोकून पाठ केलं होतं. त्या सकाळी तुमची बैलगाडी दवाखान्याच्या फाटकात थांबली. तू पुढे चालत होतीस, अनवाणी, काष्ट्याच्या लुगड्यावर पोटऱ्यांपर्यंत चिखल उडालेला. गाडीत हिरा आडवी झालेली आणि तिच्या उशाशी तिची सासू, तोंड एवढंसं करून बसलेली. सातिवलीकडच्या तुमच्या गावाहून तुम्ही उजाडायच्या आधीच निघाला होता.

मेट्रनबाईंनी तुला विचारलं, "सुईण ना तू? मग इथं कशाला आणलीस?"

तू खाली मान घातली नाहीस. म्हणालीस, "बाय, हिची दोन पोरा माज्याच हातात मेली. तिसरा मारायचा नाय मना."

मेट्रनबाईंनी हिराला आत घ्यायला सांगितलं. तेवढ्यात मी बरोबरच्या मुलीच्या कानात म्हटलं, "बघ, स्वतःच कबूल करते." हे मी तुला कधी सांगितलं नाही. तू ऐकलं होतंस की नाही, तेही मला ठाऊक नाही.

तू गावात काय बोलून आली होतीस ते मला हिराच्या सासूनं सांगितलं. दवाखान्यात बाई कापतात, पोर बदलतात, असं गाव म्हणत होतं. सुईण असून बाई दवाखान्यात नेते म्हणजे हिचे हात गेले, असंही म्हणत होतं. तू पारावर उभी राहून सांगितलंस, "आय नि पोर दोनी जित्ती आनीन. नाय आनली तं परत कुनाच्या दारात पाय ठेवनार नाय." चाळीस वर्षं जिनं गावची बाळंतपणं केली, तिनं आपलं सगळं एका गाडीत घालून आणलं होतं. आणि मेट्रनबाईंनी नियमाप्रमाणे तुला व्हरांड्यात बसवलं. सुईणींना वॉर्डात यायची बंदी होती.

डॉक्टरांनी हिराला तपासलं. मूल सरळ आहे, ठोके चांगले आहेत, वाट पाहा, म्हणाले. दुपारपर्यंत सगळं पुस्तकाप्रमाणे चाललं होतं. मग फाटकात ओरडा झाला. माडावर चढलेला एक माणूस शेंड्यावरून खाली पडला होता, त्याला चौघांनी फळीवर घालून आणलं. डॉक्टर आणि मेट्रनबाई दोघंही अंगणापलीकडच्या ऑपरेशनच्या खोलीत धावले. जाता जाता मेट्रनबाईंनी कमरेचा जुडगा काढून माझ्या हातात दिला. "लेखी हुकमाशिवाय एकही कपाट उघडायचं नाही," असं बजावून त्या गेल्या.

किल्ल्या पहिल्यांदाच माझ्या हातात आल्या होत्या. खोटं कशाला सांगू, मी त्या कमरेला लावून वॉर्डात दोन फेऱ्या उगाचच मारल्या.

आणि हिराच्या कळा थांबल्या. आधी लांबल्या, मग मंदावल्या, मग नाहीशाच झाल्या. ती कॉटवर मुठी आवळून पडली होती आणि डोळे नुसते भिरभिर फिरवत होती. मी पोटावर हात ठेवला, ठोके ऐकले, धीर दिला. ती माझ्याकडे बघतच नव्हती. औषधांच्या कपाटाचं कुलूप, चादरींच्या कपाटाचं कुलूप, रजिस्टरच्या खणाचं कुलूप, मागच्या दाराचं कुलूप, एवढंच बघत होती. शेवटी खिडकीकडे तोंड करून रडत म्हणाली, "मावशे, हितं सगलं बंद हाय गो. माजा पोर येल कुठून?"

तू खिडकीखालीच बसून होतीस. गज धरून उभी राहिलीस आणि थेट मला हाक मारलीस.

"ए पोरी! ती कुलपा उघर सगली."

"कशाला?"

"बाय अरलीय. आमच्यात बाय अरली का घरात कुलूप ठेवत नाय. पेटी उघरतंव, भाताच्या कनगीचा झाकन काढतंव, गाठी सोरतंव. तुजा अंबारा पन सोर."

अडलेल्या बाईसाठी कुलपं उघडायची! मला हसू आलं. खरंच सांगते, तोंडावर हसले मी तुझ्या. म्हटलं, "मावशी, हा दवाखाना आहे. तुमच्या गावातले प्रकार इथं नकोत."

"बरा," तू म्हणालीस. "मंग ती निगाली बग घरी."

मी वळले. हिरानं पाय खाली सोडले होते आणि भिंतीला धरून दाराकडे निघाली होती. व्हरांड्यात सासू गाडीवानाला बैल जुंपायला सांगत होती. त्या अवस्थेत ती गाडीत चढली असती तर वाटेतच सगळं संपलं असतं. मूल तर गेलंच असतं, बहुतेक तीसुद्धा. मी आयाबाईंना डॉक्टरांकडे पिटाळलं. त्या तशाच परत आल्या. माडावरून पडलेल्या माणसाचं पोट उघडलं होतं, कोणालाच येता येत नव्हतं.

मी जुडगा काढला. हिराला परत कॉटवर बसवलं आणि तिच्या डोळ्यांदेखत एकेक कुलूप उघडलं. मनात म्हणत होते, या बाईच्या समाधानासाठी करते आहे, बाकी काही नाही. चादरींचं कपाट उघडलं, खण ओढून काढला. औषधांच्या कपाटाचं कुलूप समुद्राच्या खाऱ्या हवेनं गंजलेलं होतं. दार गुडघ्यानं वर उचलून धरायचं आणि किल्ली तीनतीनदा फिरवायची, तेव्हा कुठे ते निघे. मेट्रनबाईंनाही ते लवकर दाद देत नसे. मला तर घाम फुटला. पण निघालं. दोन्ही दारं मी सताड उघडली. मग टोपी काढली, आकडे काढले आणि अंबाडा सोडला. हिराची नजर माझ्या केसांवर होती.

शेवटी मागचं दार उघडलं. मी वळते न वळते तोच तू आत!

"मावशी, बाहेर हो! इथं बंदी आहे."

"तूच तं दार उघरलंस," तू म्हणालीस.

आता मला कळतं, तुला आत यायचंच होतं. कुलपांवर तुझा विश्वास होता की तो आत यायचा डाव होता, हे तू कधी सांगितलं नाहीस. विचारलं की नुसती हसायचीस. त्या वेळी मी एवढंच म्हटलं, "आधी हात धू. कोपरापर्यंत. साबणानं." मला वाटलं तू वाद घालशील. तू सरळ मोरीवर गेलीस आणि म्हणालीस, "तू माजा आयकलंस, मी तुजा आयकतंय." आणि असे हात धुतलेस की आमच्या वर्गातली एक मुलगी धूत नव्हती.

तू हिराच्या पाठीशी बसलीस. तिचं डोकं छातीशी घेतलंस, बोट दाखवून दाखवून तिला सांगत राहिलीस. बघ, ता कपाट उघरलंय. बघ, दार उघरलंय. बघ, मास्तरीनबायचं केस पन सोरलंय. मी मास्तरीण नव्हते, पण ते सांगायची वेळ नव्हती. हिराच्या मुठी सुटल्या. थोड्या वेळानं पहिली कळ आली. मग दुसरी, मग एकीच्या मागे एक. मी पुढे होते, तू मागे होतीस. मी सांगत होते, "आता जोर दे," आणि तू तेच तुमच्या बोलीत तिच्या कानात सांगत होतीस. तिला माझं एक अक्षर ऐकू येत नव्हतं, तुझं सगळं ऐकू येत होतं. उन्हं कलायच्या आत मुलगी माझ्या हातात आली. माझ्या हातांत आलेलं ते पहिलंच मूल, आणि आल्या आल्या असं रडलं की बैलांनी कान टवकारले, असं सासू पुढे वर्षभर सगळ्यांना सांगत होती.

मला वाटलं, जिंकले. नाळ कापली, वार पडली, पोर फडक्यात गुंडाळली. आणि रक्त सुरू झालं.

मावशी, हेही मी तुला कधी बोलले नाही. त्या क्षणी मला काहीही आठवेना. वर्षभर पाठ केलेलं सगळं पुसलं गेलं. चादर लाल होत होती आणि मी हातात पोर घेऊन नुसती उभी होते. तू हिराला खाली निजवलंस, पुढे आलीस, तिच्या बेंबीखाली हात रोवलास आणि मऊ पडलेलं गर्भाशय मुठीत धरून चोळायला लागलीस. पुस्तकात जसं आहे तसंच, आणि पुस्तक तू कधी पाहिलंही नव्हतंस. माझ्याकडे वळून म्हणालीस, "बगत काय राह्यलीस? मी धरलंय. तुज्याकरं काय औषद हाय ता आन!"

मी पोर आयाबाईंकडे दिली आणि धावले. कपाट सताड उघडं होतं. दुसऱ्या फळीवर डावीकडे रक्त थांबवायच्या औषधाची कुपी. हातात घेतली, मान मोडली, उकळून ठेवलेल्या सिरिंजमध्ये औषध ओढलं आणि हिराच्या दंडात टोचलं. लेखी हुकूम नव्हता. तुझ्या मुठीखाली पोट हळूहळू घट्ट होत गेलं. तू माझा हात ओढून तिथं ठेवलास. "हात लाव. घट झालाय का नाय?" झालं होतं. रक्त थांबत आलं होतं.

त्या गंजक्या कुलपाशी त्या वेळी मला झगडावं लागलं असतं, तर? तीनतीनदा किल्ली फिरवत बसले असते तर? हा प्रश्न मी स्वतःला सात वर्षं विचारते आहे. उत्तर दर खेपेला एकच येतं.

मेट्रनबाई आत आल्या तेव्हा काय दृश्य होतं ते आठवतं ना? सगळी कपाटं उघडी, खण बाहेर, मागच्या दारातून कोंबडी आत आलेली, मी केस मोकळे सोडून उभी आणि बंदी असलेली सुईण बाळंतिणीच्या पोटावर हात ठेवून बसलेली. मला वाटलं, आज माझं नाव कापलं जाणार. त्यांनी हिराची नाडी पाहिली. पोट चाचपलं. मोडलेली कुपी उचलून पाहिली. मग गळ्यातल्या क्रूसाला हात लावला आणि मला विचारलं, "इंजेक्शन किती वाजता दिलंस?"

मी वेळ सांगितली. "केस बांध," त्या म्हणाल्या. आणि तुझ्याकडे बघून, "हिला चहा द्या. आत."

दुसऱ्या दिवशी भिंतीवर नव्या नियमाचा पुठ्ठा लागला. प्रसूतीसाठी बाई दाखल असेल तोवर औषधांचं कपाट उघडं ठेवायचं आणि विद्यार्थिनीनं त्यावर लक्ष ठेवायचं. कारण लिहिलं नव्हतं. दहाव्या दिवशी हिरा घरी निघाली तेव्हा मी तुमच्या गाडीबरोबर आले होते. सगळं गाव वेशीवर उभं होतं. तू गाडीपुढे चालत होतीस, ज्यांनी तुझे हात गेले म्हटलं होतं त्यांच्याकडे एकदाही न बघता. पारापाशी थांबलीस, हिराच्या मांडीवरून पोर घेतलीस आणि दोन्ही हातांनी उंच धरलीस. माझ्या अंगावर आत्तासुद्धा काटा आला लिहिताना.

त्यानंतर तुमच्याकडच्या किती बायका तू घेऊन आलीस! येताना कमरेला करवंटी, तिच्यात साबणाचा तुकडा. दवाखान्याचा साबण तुला हलका वाटायचा. माझ्यासाठी खाडीच्या निवट्या, ते चिखलातले मासे, आणायचीस, आणि एकदा त्या जिवंत निघून वॉर्डभर उड्या मारत फिरल्या. मी तुला आमच्या वाडीतल्या केळ्यांची वाळवलेली सुकेळी बांधून द्यायचे. आणि दर खेपेला तेच भांडण.

तू म्हणायचीस, "कुलूप उघरलं म्हून पोर आला."

मी म्हणायचे, "नाही मावशी. दार उघडलं म्हणून तू आत आलीस. तू आलीस म्हणून हिराची भीती गेली. भीती गेली म्हणून कळा आल्या."

"मंग मी काय येगला सांगतंय?" तू म्हणायचीस, आणि मी चिडायचे.

आता वॉर्डाच्या नोंदवहीचं सांगते. त्या दिवशीची नोंद मीच केली होती. "रक्तस्राव. विद्यार्थिनीने वेळेवर इंजेक्शन दिले. माता व कन्या सुखरूप." एवढंच. तुझं नाव नाही. बंदी असलेल्या बाईचं नाव कसं लिहायचं, असं मी मनाशी म्हटलं. पण खरं कारण ते नव्हतं. मला एकटीला शाबासकी हवी होती. ती मिळालीही. वर्षअखेरीच्या समारंभात माझं नाव घेऊन टाळ्या झाल्या, त्या वेळी तू मागे भिंतीशी उभी राहून सगळ्यात जोरात टाळ्या वाजवत होतीस. मला तुझ्याकडे बघवत नव्हतं.

आणि आणखी एक. मेट्रनबाई गेल्या वर्षी निवृत्त झाल्या आणि जुडगा माझ्या कमरेला आला. नियम फक्त औषधांच्या कपाटाचा आहे. पण मेट्रनबाईंकडून किल्ल्या मागून घ्याव्या लागायच्या तेव्हापासून, वॉर्डात बाई कळा द्यायला लागली की मी गुपचूप सगळी कुलपं उघडते. चादरींचं, खणाचं, मागच्या दाराचं. मुलींनी विचारलं तर सांगते, हवा खेळायला. तुझ्याशी तोंडानं भांडायचे आणि हातानं तुझं ऐकायचे. तुला सांगितलं असतं तर तू मला जगू दिलं नसतंस, म्हणून सांगितलं नाही. आता वाटतं, सांगायला हवं होतं. किती हसली असतीस.

परवा तुझ्या पायांशी किल्ल्या खळखळल्या तेव्हा आधी मी गारठले. मग आठवलं. सकाळी ती पहिलटकरीण आली तेव्हा मीच सगळं उघडून ठेवलं होतं. वॉर्डात आता कुठलंच कुलूप लागलेलं नव्हतं. मग मी स्वस्थ बसले आणि पोटभर रडले. तुला नेलं तेव्हा वेशीपर्यंत आले. हिराची मुलगी माझं बोट धरून होती. पारापाशी आली तेव्हा तिनं विचारलं, "मना हितंच उचलला होता ना?" म्हटलं, हो, इथंच.

परतले तेव्हा शालिनी दारातच उभी होती. दुसऱ्या वर्षाची मुलगी, मी तेव्हा जशी होते तशीच ताठ. हातात बाळ, तोंडावरून आनंद नुसता सांडत होता. "बाई, मुलगा! मधे थोडं रक्त गेलं, पण कपाट उघडंच होतं. इंजेक्शन दिलं मी, डॉक्टर यायच्या आत थांबलंसुद्धा!" मग जरा चाचरत म्हणाली, "पण बाई, नियम औषधांच्या कपाटाचा आहे. बाकीचं सगळं का उघडं होतं?"

हवा खेळायला, असं तोंडापर्यंत आलं होतं.

"मथुरामावशीनं सांगितलं होतं म्हणून," मी म्हणाले.

"त्या कोण?"

मी तिला उघड्या खणापाशी नेलं. तळाची जुनी वही काढली आणि हिराची नोंद शोधली. तिच्याखाली एका ओळीची जागा अजून कोरी होती. शालिनीच्या देखत मी दौत उघडली आणि लिहिलं: "सोबत मथुरा, सुईण. तिने पोट धरून ठेवले म्हणून बाई वाचली." शाई निराळी दिसते, पण वाचता येतं. खाली मी माझी सही केली.